चार्ज घेताना : पहिल्या पिढीचा प्रश्न

शासकीय कार्यालयात वा महाविद्यालयात नवा माणूस रुजू होतो तेव्हा त्याच्या हाती नेमणुकीचा आदेश असतो. त्या आदेशात पदाचे नाव असते, वेतनश्रेणी असते, सेवेच्या अटी असतात. एकच गोष्ट त्यात नसते. हे काम करायचे कसे, ते तो आदेश सांगत नाही. ते ज्ञान टेबलाच्या खणात असते, जुन्या संचिकांत असते, तीस वर्षे एकाच दालनाबाहेर बसलेल्या शिपायाच्या डोक्यात असते. आणि काही घरांत ते रात्रीच्या जेवणावरच्या गप्पांत असते. ज्याचे वडील अव्वल कारकून होते, काका मुख्याध्यापक होते, त्याने चार्ज, रजा, वेतनवाढ, खातेचौकशी हे शब्द पाटावर बसल्याबसल्या ऐकलेले असतात. तो नोकरीत नवा असला तरी कार्यालयात नवा नसतो.

आपण मात्र दोन्हीकडे नवे असतो. 'नव्या पदाचे काम लवकर कसे आत्मसात करावे' या प्रश्नाचा विचार आपल्याला म्हणूनच वेगळ्या अंगाने करावा लागतो. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत या प्रश्नाची उत्तरे पुष्कळ असतात. परंतु ती ज्याच्या पाठीशी घर उभे आहे अशा माणसासाठी लिहिलेली असतात. ज्याच्या घरात तोच पहिला पदवीधर आणि तोच पहिला पगारदार, त्याने काय करावे, याचा विचार आपणच केला पाहिजे.

सुरुवात स्वतःपासून करतो. माझे वडील आयुष्यभर बांधकामावर राबले. आई लोकांच्या शेतात खुरपणीला जाई. 'सर्व्हिस बुक' हा शब्द माझ्या नेमणुकीपूर्वी आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता. भूगोलाचा अध्यापक म्हणून ज्या महाविद्यालयात मी रुजू झालो तेथे पहिल्याच दिवशी लिपिकाने विचारले, "सर, जॉइनिंग रिपोर्ट?" मी नेमणुकीचा आदेश पुढे केला. तो हसला. माझ्यासोबत त्याच दिवशी रुजू झालेल्या दुसऱ्या अध्यापकाने रुजू अहवालाच्या तीन प्रती घरूनच लिहून आणल्या होत्या. त्याचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. त्याने मला कोरा कागद दिला, मजकूर सांगितला. त्याचे ते सौजन्य मी विसरलेलो नाही. पण दोघांत फरक बुद्धीचा नव्हता, पदवीचाही नव्हता. त्याला रात्री सांगणारे कोणी होते, मला नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात विभागाच्या साहित्याचा चार्ज माझ्याकडे आला. जडवस्तू संग्रह नोंदवहीत प्लेन टेबल, प्रिझमॅटिक कंपास, नकाशे, मोजपट्ट्या अशी लांबलचक यादी होती. खाली 'वरीलप्रमाणे सर्व वस्तू मिळाल्या' असे लिहिलेले होते. मी सही केली. वर्षभराने पडताळणी झाली तेव्हा दोन कंपास आणि एक प्लॅनिमीटर सापडेना. खुलासा मागितला गेला, रक्कम पगारातून कापली गेली, आणि व्हरांड्यात एक वाक्य माझ्या कानावर पडेल अशा बेताने बोलले गेले, "या लोकांना जबाबदारी दिली की असंच व्हायचं."

संध्याकाळी विभागातले परिचर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू, माझ्याजवळ आले. म्हणाले, "सर, सही करायच्या आधी मला इचारायचं व्हतं. त्ये कंपास तुमी यायच्या दोन वर्स आधी गेलेत. मला ठावं हाय ना."

मी मामांना का विचारले नव्हते? या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे तर ते मला शोभा देणारे नाही. एक कारण भीतीचे होते. विचारले तर 'याला एवढेही येत नाही' असे म्हणतील, आणि ते वाक्य माझ्यापुरते न राहता राखीव जागेवर जाऊन पोहोचेल. दुसरे कारण अधिक लाजिरवाणे होते. मी नुकताच 'सर' झालो होतो आणि मामा आमच्याच वस्तीतल्या माणसांसारखे बोलत होते. त्यांच्याकडून शिकणे मला कमीपणाचे वाटले. ज्या उतरंडीने मला खाली ठेवले, तिची एक पायरी मी स्वतःही पाळीत होतो.

या अनुभवात एकट्या माझे असे फारसे काही नाही. कामाचे ज्ञान दोन प्रकारचे असते. एक लिखित : नियम, परिपत्रके, नोंदवह्या. दुसरे अलिखित : कोणता कागद कोणाकडून पुढे सरकतो, कोणत्या वेळी काय विचारावे, कोणती चूक चालते आणि कोणती नोकरीवर येते. लिखित ज्ञान निदान तत्त्वतः सर्वांसाठी खुले असते. अलिखित ज्ञान मात्र माणसांच्या संगतीने चालते, आणि आपल्या समाजात संगत जातीने ठरत आलेली आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय याने घरातून नकळत मिळणाऱ्या अशा ठेव्याला सांस्कृतिक भांडवल असे नाव दिले. आपल्याकडे या भांडवलाचा इतिहास फार ठसठशीत आहे. कुलकर्ण्याचा मुलगा दप्तर घरातच शिकत असे. मोडी लिपी, जमाबंदीचे हिशेब, वरिष्ठांशी बोलण्याची रीत हे सारे बापाकडून मुलाकडे वतनासोबत जाई. महारालाही वतन होते; पण त्याचे काम सांगावा पोहोचवण्याचे, सरकारी वसूल आणि कागद वाहून नेण्याचे, आल्यागेल्या अंमलदाराची सरबराई करण्याचे. दप्तर पिढ्यान् पिढ्या त्याच्या डोक्यावरून गेले. ते उघडून वाचणे त्याच्या वाट्याला आले नाही. तत्कालीन मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द केली आणि १९५८ च्या कायद्याने महार वतनासह कनिष्ठ ग्रामवतने रद्द केली. वतने कायद्याने गेली. परंतु एका घरात साठलेली कार्यालयाची जाण आणि दुसऱ्या घरातली तिची उणीव एखाद्या कायद्याने कशी रद्द होणार?

हा प्रश्न केवळ व्यक्तीच्या सोयीचा नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३३५ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या नोकऱ्यांवरील हक्काचा विचार प्रशासनाची कार्यक्षमता राखण्याशी सुसंगत असा करावा असे म्हटले आहे. या 'कार्यक्षमता' शब्दाचा वापर आजवर आपल्याविरुद्ध किती वेळा झाला हे येथे वेगळे सांगण्याची गरज नाही. पण कार्यक्षमता म्हणजे काय, हे मात्र फार थोड्यांनी विचारले. ती जन्मजात गुण असल्यासारखी बोलली जाते. प्रत्यक्षात ती पहिल्या सहा महिन्यांत कोणाला काय सांगितले गेले यावर बऱ्याच अंशी ठरते. एकाला सगळे सांगायचे, दुसऱ्यापासून सगळे लपवायचे, आणि वर्षअखेरीस दोघांचे गोपनीय अहवाल शेजारी ठेवून गुणवत्तेवर व्याख्यान द्यायचे, असा हा प्रकार आहे.

या दृष्टीने बाबासाहेबांच्या चरित्राकडे पुन्हा पाहावेसे वाटते. बडोद्याची हकिकत आपण सर्वांनी अपमानाची हकिकत म्हणून वाचली आहे. ती नव्या नोकरीची हकिकत म्हणूनही वाचली पाहिजे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बाबासाहेब १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. महालेखापालांच्या कार्यालयात आपण परिविक्षाधीन होतो, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे संस्थानचा कारभार शिकून घेण्याचा तो काळ होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केलेला हा माणूस. त्याला शिकण्यासाठी काय मिळाले? शिपाई दुरून कागद टेबलावर फेकत, कार्यालयात पिण्याचे पाणी मिळत नसे, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. गावात राहायला घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. ज्या कार्यालयात कागद हातात दिला जात नाही तेथे कागदामागचे ज्ञान कोण हातात देणार? बडोद्यात बाबासाहेबांना काम जमले नाही असे कोणी म्हणणार नाही. काम शिकण्याची वाटच तेथे बंद होती.

दुसरा प्रसंग मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी येथेही आक्षेप घेतलाच. परंतु येथे एक फरक होता. वर्गात शिकवण्यासाठी लागणारे ज्ञान सहकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून नव्हते. ते ग्रंथांत होते, आणि ग्रंथांपासून त्यांना कोणी रोखू शकत नव्हते. आधी विद्यार्थ्यांनी त्यांना फारसे मानले नाही. पुढे इतर महाविद्यालयांचे विद्यार्थीही त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. बडोदे आणि सिडनहॅम या दोन्ही ठिकाणी माणूस तोच आणि जात तीच. जेथे कामाचे ज्ञान छापील होते तेथे तो उभा राहिला. जेथे ते माणसांच्या हाती होते तेथे त्याला उभे राहू दिले गेले नाही. माझ्या मते पहिल्या पिढीसाठी याहून मोठा धडा नाही. ज्याला घरचा वारसा नाही, त्याचा वारसा कागद होय.

तिसरा प्रसंग सर्वांना माहीत आहे, पण या अंगाने क्वचित पाहिला जातो. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. एवढे मोठे काम हाती आल्यावर समितीने कोऱ्या कागदापासून आरंभ केला नाही. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव यांनी २४३ कलमे आणि १३ परिशिष्टे असलेला आराखडा तयार केलेला होता. समितीने तो समोर घेतला, तपासला, बदलला, वाढवला. फेब्रुवारी १९४८ मध्ये समितीचा मसुदा तयार झाला तेव्हा त्यात ३१५ कलमे आणि ८ परिशिष्टे होती. आधीच्या माणसाने काय करून ठेवले आहे ते पूर्ण वाचायचे, मग आपली भर घालायची, ही चार्ज घेण्याची रीत येथे दिसते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राव यांना श्रेय दिले, मसुदा लेखनिक एस. एन. मुखर्जी यांच्या कौशल्याचा आवर्जून उल्लेख केला आणि रात्री-अपरात्री खपलेल्या कर्मचाऱ्यांनाही विसरले नाहीत. मी ज्या मामांना विचारले नव्हते, ते मला या भाषणाच्या वेळी आठवतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. नव्या पदावर पाय रोवण्यासाठी जे मला चुका करून उमगले आणि इतरांकडून शिकायला मिळाले, ते येथे क्रमाने मांडतो.

पहिली गोष्ट सहीची. मोजल्याशिवाय, वाचल्याशिवाय चार्ज यादीवर सही करू नये. घाई केली जाईल. "सगळं बरोबर आहे हो, करा सही" असे म्हटले जाईल. तरीही रोकड, साहित्य, पावती पुस्तके, किल्ल्या, शिक्के एकेक मोजून घ्यावे. मोजायला वेळच दिला गेला नाही तर सहीवर 'प्रत्यक्ष मोजणीच्या अधीन राहून' एवढे शब्द लिहावेत, तारीख टाकावी आणि दोन-चार दिवसांत मोजणी करून तफावत लेखी कळवावी. हे चार शब्द मला ठाऊक असते तर माझा पगार कापला गेला नसता.

दुसरी गोष्ट वाचनाची. महाराष्ट्राच्या कार्यालयांत सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे. कारवाईसाठी प्रलंबित प्रकरणे, उत्तराची वाट पाहत असलेली प्रतीक्षाधीन प्रकरणे, ठराविक मुदतीने पाठवायची नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची निकाली प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद असे ते सहा गठ्ठे. बहुतेक नवे कर्मचारी पहिल्या गठ्ठ्यावर तुटून पडतात, कारण तगादा त्याचाच असतो. माझे सांगणे असे की, रोज एक तास चौथ्या गठ्ठ्याला द्यावा. स्थायी आदेशांची संचिका म्हणजे त्या टेबलाची स्मृती होय. कोणत्या अधिकाराने काय करता येते, हे तेथे लिहिलेले असते. मग तिसरा गठ्ठा घ्यावा. कोणता अहवाल कोणत्या महिन्यात कोणाकडे जातो याची बारा महिन्यांची एक यादी स्वतःच्या वहीत करावी. वर्ष कसे फिरते ते कळले की काम अंगावर येत नाही. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातून आपले टेबल कोणाकोणाशी बांधलेले आहे ते उमगते. जेथे ही पद्धत नाही, किंवा आहे पण नावापुरतीच, तेथे मागील दोन वर्षांची आवक-जावक नोंदवही वाचली तरी निम्मे काम समजते. महाविद्यालयात विद्यापीठाची परिपत्रके, परीक्षा विभागाचा पत्रव्यवहार, मागील वर्षांची इतिवृत्ते हीच आपली संचिका.

तिसरी गोष्ट कायद्याची. काम लपवून ठेवणाऱ्यापुढे आपण अगदीच निःशस्त्र नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आपण लोकांच्या तक्रारींसाठी वापरतो. पण त्याचे कलम ४(१)(ख) नव्या कर्मचाऱ्यासाठी मार्गदर्शक पुस्तकासारखे आहे, हे फार कमी जणांच्या लक्षात येते. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबी आपण होऊन प्रसिद्ध करायच्या आहेत. त्यांत कार्यालयाची रचना व कर्तव्ये, अधिकारी-कर्मचाऱ्यांचे अधिकार व कर्तव्ये, निर्णय घेण्याची पद्धत, कामासाठी वापरले जाणारे नियम व नियमपुस्तिका यांचा समावेश होतो. म्हणजे आपल्या टेबलाचे काम काय, हे आपल्याच कार्यालयाने लिहून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. ती पुस्तिका मागावी. ती जुनी असेल, अपुरी असेल. तरी आरंभ होतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याने याच्या जोडीला बदल्यांचे विनियमन आणि दप्तर दिरंगाईला प्रतिबंध करणारा २००५ चा महाराष्ट्राचा कायदा वाचावा. कोणतीही संचिका सामान्यतः सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ टेबलावर राहू नये असे तो सांगतो. नवा माणूस "समजले नाही म्हणून ठेवली" असे म्हणतो तेव्हा हाच कायदा त्याच्यावर उलटतो. समजले नसेल तर तसे विचारणारी टिपणी लिहून संचिका वर पाठवावी. दाबून ठेवू नये.

चौथी गोष्ट स्वतःच्या कागदांची. आपली माणसे दुसऱ्याच्या कामात एवढी बुडतात की स्वतःची संचिका पाहत नाहीत. सेवापुस्तकात जन्मतारीख, नेमणुकीचा प्रवर्ग, रुजू दिनांक आणि वेतननिश्चिती यांच्या नोंदी झाल्या की नाही हे पहिल्या वर्षातच पाहावे. दरवर्षी सेवापुस्तक पाहून सही करणे हा आपला हक्क आहे. जात वैधता प्रमाणपत्राची प्रत संचिकेत लागली का, निवृत्तिवेतन योजनेचे खाते उघडले का, नामनिर्देशन भरले का, हेही तपासावे. गोपनीय अहवालातील नोंद कळवलीच पाहिजे, ती चांगली असो वा वाईट, असे सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात २००८ साली म्हटले आहे. परिविक्षा काळातली एखादी न कळवलेली नोंद दहा वर्षांनी पदोन्नतीच्या वेळी समोर येते, तेव्हा उत्तर देण्याची वेळ निघून गेलेली असते.

पाचवी गोष्ट विचारण्याची, आणि ती सर्वांत अवघड. यासाठी एक साधी वही ठेवावी. दिवसभरात जे कळले नाही ते लिहावे. संध्याकाळी त्यातले जे कागदातून कळण्यासारखे आहे ते कागदातून शोधावे. उरलेले दुसऱ्या दिवशी एकदम विचारावे. उत्तर लगेच लिहून घ्यावे म्हणजे तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागत नाही. असे नेमके प्रश्न विचारणाऱ्याला कोणी सहसा अडाणी म्हणत नाही. वरिष्ठांना पहिल्याच महिन्यात एक प्रश्न जरूर विचारावा : "माझ्याकडून पुढच्या तीन महिन्यांत आपली काय अपेक्षा आहे?" उत्तर मिळाले तर दिशा कळते, त्याचे दोन ओळींचे टिपण करून त्यांनाच दिले तर पुढे अपेक्षा बदलत नाहीत. सहकाऱ्यांना विचारावे, सगळेच वैरी नसतात. मला रुजू अहवाल लिहायला शिकवणारा माणूस कोण होता ते मी वर सांगितले आहे. आणि खालच्यांना विचारावे. परिचर, शिपाई, सफाई कामगार, कंत्राटी टंकलेखक यांना कार्यालयाचे जे दिसते ते वरून दिसत नाही.

येथे कार्यकर्ते मित्र एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. नवा माणूस आला की त्याला सांगितले जाते, "आधी वर्षभर पाहा, शिका, मग बोला." या सल्ल्याच्या आड कितीतरी अन्याय लपतात. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. कामाची पद्धत बदलण्यापूर्वी ती तशी का आहे हे समजून घ्यावे, हे योग्यच आहे. पण कोणाचा कप वेगळा ठेवला जात असेल, राखीव जागेवरच्या माणसालाच दरवर्षी जयंतीची वर्गणी आणि शिष्यवृत्तीचे अर्ज एवढेच काम दिले जात असेल, तर ते समजून घेण्यासाठी वर्ष लागत नाही. त्याला पहिल्या दिवशीही नकार देता येतो. मात्र नकार देताना हाती कागद असावा. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला त्याच्या मागे १९२३ चा मुंबई विधिमंडळातील बोले ठराव होता आणि तळे खुले करणारा महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव होता. हक्क कागदावर आलेला होता. तो पाण्यापर्यंत नेण्यासाठी माणसे चालत गेली. पुढे न्यायालयात तो लढा १९३७ पर्यंत चालला आणि जिंकला गेला. विद्रोह आणि अभ्यास यांची फारकत आपल्या चळवळीने कधी केलेली नाही. आपणही ती करू नये.

हा विचार नोकरीपुरता राहत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामपंचायतींत अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रियांना जागा राखून ठेवल्या गेल्या. महाराष्ट्रात पुढे स्त्रियांचे प्रमाण निम्म्यावर नेले गेले. वस्तीतली एखादी बाई सरपंच होते तेव्हा तीही एका नव्या पदावर रुजू होते, आणि तिला शिकायला फक्त पाच वर्षे असतात. "ताई, इथं सही करा" असे म्हणत पुढे येणारा कागद कोणता आहे, हे तिला कळू न देण्यातच कित्येकांचा कारभार चालतो. ग्रामपंचायतीचे सर्व हिशेब १ ते ३३ नमुन्यांत असतात. त्यांतले निदान दोन पहिल्या महिन्यात वाचायला शिकावे. नमुना ५ म्हणजे रोकडवही. पैसा कोठून आला, कोठे गेला ते तिच्यात असते. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही; गावात कोणाचे घर कोणाच्या नावावर आहे आणि कोणाचे नाही, ते तिच्यात दिसते. ताईंना वाचता येत नसेल तर वस्तीतल्या महाविद्यालयीन मुलीने शेजारी बसून वाचून दाखवावे. चळवळीचे काम यापेक्षा वेगळे काय असते?

शेवटी एक गोष्ट राहते, आणि मला वाटते सारा लेख तिच्यासाठीच लिहिला. आपण कसेबसे काम शिकतो, स्थिरावतो, आणि मग विसरतो. पुढचा मुलगा रुजू होतो तेव्हा तो पुन्हा पहिल्या पिढीचाच असतो. त्याच भिंतीला पुन्हा त्याचेच डोके आपटते. इतरांचा वारसा घरातून चालतो. आपला वारसा घरातून चालायला अजून काही पिढ्या लागतील. तोवर तो कागदावरून चालला पाहिजे. म्हणून प्रत्येकाने आपल्या टेबलाचे चार पानांचे टिपण लिहावे. हे काम काय आहे, वर्षातून कधी काय करावे लागते, कोणते नियम लागतात, कोणती चूक मी केली. बदली झाली, निवृत्ती आली तर ते टिपण मागे ठेवून जावे. आपल्या कर्मचारी संघटनांनी वर्षातला एक रविवार नव्याने नेमल्या गेलेल्यांसाठी राखावा. स्वागताचे हार कमी आणले तरी चालतील. त्या दिवशी सेवापुस्तक कसे वाचावे आणि चार्ज यादी कशी मोजावी एवढे शिकवले तरी पुरे. येथे छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले, ते आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. खेड्यापाड्यांतून आलेली, घरात अक्षर नसलेली मुले त्या नागसेनवनात शिकून देशभर कामावर गेली. पदवीपर्यंतची वाट त्या पिढीने तयार केली. पदवीनंतर खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून कामावर पकड येईपर्यंतची वाट तयार करणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. जाण्यापूर्वी दोन दिवस ते आणि मी विभागाच्या कपाटांसमोर बसून होतो. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो : कोणत्या कपाटाची किल्ली कोठे असते, कोणता नकाशा पावसाळ्यात भिजतो, कोणत्या सालचे साहित्य कोणी नेले आणि परत आणले नाही. सतरा पाने झाली. ती जडवस्तू नोंदवहीच्या पहिल्या पानाला बांधून ठेवली आहेत. वर तारीख आहे, खाली दोघांच्या सह्या आहेत. पुढे जो कोणी या विभागाचा चार्ज घेईल त्याने आधी ती वाचावी आणि मगच सही करावी.